चार भिंतींचें क्षेत्रफळ

शाळेंत चौतीस वर्षें मीं संस्कृत आणि गणित हे दोन विषय शिकविले. गणिताच्या तासाला एक उदाहरण दरवर्षीं न चुकतां येत असे. एका खोलीची लांबी, रुंदी आणि उंची दिलेली आहे. तिला एक दार आणि एक खिडकी आहे. रंग देण्याचा दर अमुक आहे. तर चार भिंतींना रंग देण्यास खर्च किती येईल? लांबी आणि रुंदी यांच्या बेरजेची दुप्पट करावी, तिला उंचीनें गुणावें, दार-खिडकी वजा करावी आणि राहिलेल्या क्षेत्रफळास दरानें गुणावें, कीं झालें उत्तर. पुढें पाठ्यपुस्तकांत फुटांचे मीटर झाले, परंतु रीत बदलली नाहीं. शेंकडों मुलांकडून मीं हें उदाहरण सोडवून घेतलें, आणि ज्यांचें उत्तर चुकलें त्यांच्या वहीवर तांबडी फुली मारली. आतां साठी उलटल्यावर तीच फुली स्वतःच्या वहीवर मारण्याची पाळी माझ्यावर आली. ती कशी आली, तें ह्या महिन्याच्या सदरांत सांगावयाचें आहे. घरोघरीं रंगाचीं कामें निघतात. वाचकांना ही हकीकत उपयोगीं पडेल, अशी आशा आहे.

आमचें घर पुण्याच्या सदाशिव पेठेंत आहे. पुढील अर्धा भाग वडिलांच्या वेळचा, विटांचा आणि चुन्याचा. मागील अर्धा नंतर वाढविलेला. आम्ही दोघे बंधु एकत्र राहतों. घरांत लहानमोठीं मिळून नऊ माणसें. पुढील भागांत पश्चिमेच्या अंगाला एक खोली आहे. लांबी १२ फूट, रुंदी १० फूट, उंची १० फूट. जणूं पाठ्यपुस्तकांतूनच उचललेली! चार भिंतींचें क्षेत्रफळ ४४० चौरस फूट. दार ७ × ३ आणि खिडकी ४ × ४, मिळून ३७ वजा जातां ४०३ राहतात. त्यांत छताचे १२० मिळविले म्हणजे ५२३. धंद्यांतील लोक १०० चौरस फुटांना एक ब्रास म्हणतात. त्यांच्या भाषेंत ही खोली सव्वापांच ब्रासांची झाली. येथवर माझें गणित बिनचूक होतें.

सन २०२१ च्या दिवाळीपूर्वीं ही खोली रंगविण्याचें ठरलें. एक रंगारी आला. त्यानें भिंतीवर हात फिरविला, खिडकीखालीं बोटांनीं ठोकून पाहिलें, क्षेत्रफळ सोयीसाठीं ५२० धरलें, आणि वहीच्या कागदावर अंदाजपत्रक लिहून दिलें. त्यांत पांच बाबी होत्या. जुना रंग खरवडून भिंत घांसणें, चौरस फुटास ५ रुपयांप्रमाणें २,६०० रुपये. खिडकीखालील ओलीचा बंदोबस्त आणि गिलाव्याची डागडुजी, ठोक ३,५०० रुपये. पुट्टी दोन हात, ६ रुपयांप्रमाणें ३,१२० रुपये. प्रायमर एक हात, ३ रुपयांप्रमाणें १,५६० रुपये. रंग दोन हात, ९ रुपयांप्रमाणें ४,६८० रुपये. सामानासुद्धां एकूण १५,४६० रुपये.

मला तो आंकडा फार वाटला. पाठ्यपुस्तकांत दर एकच असे. येथें पांच दर कशाला? मीं तांबडें पेन हातांत घेतलें. खरवडण्याची बाब खोडली आणि म्हणालों, ‘ओल्या फडक्यानें पुसून घ्या, तेवढें पुरे.’ ओलीची बाब खोडली. ‘तें पुढील वर्षीं पाहूं.’ पुट्टीचे दोन हात होते, तेथें एक केला. उरले ७,८००, त्यांतही घासाघीस करून ७,५०० वर काम ठरविलें. रंगारी दोनदां कांहींतरी सांगावयास गेला, पण मीं त्यास बोलूं दिलें नाहीं. जवळजवळ आठ हजार रुपये वांचले, म्हणून त्या रात्रीं जेवतांना मीं तो हिशेब बंधूंना मोठ्या समाधानानें ऐकविला.

दिवाळींत खोली खरोखरच सुंदर दिसली. पुढील पावसाळ्यांत खिडकीखालीं रंगाला फुगे आले. त्याच्या पुढील पावसाळ्यांत ते फुटून पोपडे सुटले आणि आंतून लोणा, म्हणजे खाराची पांढरी भुकटी, जमिनीवर गळूं लागली. माझा संताप अनावर झाला. ‘रंगांत पाणी घातलें, आपल्याला लुबाडलें,’ असें मीं घरीं म्हणालों. आणि घरींच म्हणून थांबलों नाहीं. आळींतील दोन घरीं त्याच रंगाऱ्यास काम द्यावयाचें घाटत होतें. त्यांनीं मला विचारलें. मीं स्पष्ट सांगितलें कीं, ह्या मनुष्यास दारांत उभें करूं नका. मास्तरांचा शब्द म्हणून त्यांनीं तो प्रमाण मानला आणि त्यास काम दिलें नाहीं.

यंदा ती खोली रंगविणें अगदीं निकडीचें झालें. सूनबाईची आई अंथरुणास खिळलेली असल्यामुळें तिचें पहिलें बाळंतपण आमच्याकडेच व्हावयाचें ठरलें. श्रावणांत दिवस भरावयाचे; बाळंतिणीला उजेडाची आणि वाऱ्याची खोली तीच. पावसाळ्याच्या ऐन भरांत तान्ह्या मुलाला त्या ओलसर भिंतीशेजारीं निजवावयाचें कसें? म्हणून चैत्रांतच आम्ही रंगाऱ्यांची चौकशी आरंभिली.

प्रथम एका मोठ्या कंपनीचा मनुष्य आला. त्याच्याजवळ अंतर मोजण्याचें आणि भिंतींतील ओलावा मोजण्याचें, अशीं दोन यंत्रें होतीं. त्यानें सर्व कामाचे हमीसह २७,५०० रुपये सांगितले. दुसऱ्यानें उंबरठ्यावरूनच खोलींत नजर टाकली आणि म्हणाला, ‘नऊ हजारांत करून देतों.’ किती हात, विचारलें तर ‘दोन’. खरवडणें, विचारलें तर ‘त्यांत आलेंच’. ओल, विचारलें तर ‘वर चांगला रंग बसला कीं दिसणार नाहीं.’ पुतण्या म्हणाला, ‘काका, आपण घरींच करूं, रंग काय पांच लिटर लागणार!’ भिंत निरोगी असून केवळ मळलेली असेल, तर त्याचें म्हणणें वावगें नव्हे. दोन तरुण मुलें रविवारीं एक खोली रंगवूं शकतात. पण आमची भिंत मळलेली नव्हती, आजारी होती.

नऊ हजार आणि साडेसत्तावीस हजार! एकाच खोलीच्या, एकाच क्षेत्रफळाच्या दोन उत्तरांत एवढें अंतर कसें? पूर्वीं काय दिलें होतें तें पाहावें, म्हणून मीं सूनबाईस जुन्या हिशेबाच्या वह्या काढावयास सांगितलें. २०२१ च्या वहींत तो कागद जसाच्या तसा निघाला. तिनें बाबी मोठ्यानें वाचल्या आणि विचारलें, ‘मामंजी, येथें तांबड्या पेनानें काट कोणी मारली आहे?’

मी गप्प बसलों. काट माझी होती. ‘पुढील वर्षीं पाहूं’ हे शब्दही समासांत माझ्याच अक्षरांत होते. ज्या जागीं फुगे आले, ती जागा त्या मनुष्यानें नांव घेऊन लिहिली होती आणि मीं ती खोडली होती. भिंत ओली राहिली ती माझ्यामुळें. आणि लुबाडणारा म्हणून बदनाम झाला तो.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी त्याचें घर शोधीत पर्वतीच्या पायथ्याशीं गेलों. त्यानें मला ओळखलें, खुर्ची दिली, चहा सांगितला. मीं तो कागद पुढें केला आणि म्हणालों, ‘चूक माझी होती. पण एवढें सांगा, काम असें टिकणार नाहीं हें ठाऊक असतांना तुम्हीं तें घेतलेंच कां?’

तो म्हणाला, ‘गुरुजी, आधींचें दीड वर्ष टाळेबंदींत कसें गेलें तें आपणांस ठाऊकच आहे. दिवाळी तोंडावर होती. हाताखालीं दोन माणसें होतीं. नाहीं म्हणणें परवडण्यासारखें नव्हतें.’ मग त्यानें आपला हिशेब सांगितला. सामान ३,१०० रुपयांचें. एक कारागीर, रोज ७०० प्रमाणें तीन दिवसांचे २,१००. एक मदतनीस, रोज ५०० प्रमाणें १,५००. बेरीज ६,७००. माझ्या ७,५०० तून त्याच्या स्वतःच्या तीन दिवसांच्या श्रमाला, शिडीला, कुंचल्यांना आणि येण्याजाण्याला मिळून राहिले ८०० रुपये. माझी आठ हजारांची बचत आणि त्याचे हे आठशें, असे दोन आंकडे समोरासमोर उभे राहिले, तेव्हां मला मान वर करवेना. त्यानें मात्र एक शब्दही अधिक उणा काढला नाहीं. एवढेंच म्हणाला, ‘त्या दोन घरचीं कामें गेलीं, तेव्हां वाईट वाटलें.’

म्हणजे त्यास सर्व ठाऊक होतें.

आतां थोडा भिंतीचा विचार करूं. संस्कृतांत ‘सुधा’ शब्दाचे दोन अर्थ आहेत, अमृत आणि चुना. आणि सुधेनें लिंपलेलें तें ‘सौध’, म्हणजे वाडा. आमच्या लहानपणीं दिवाळीपूर्वीं घरींच चुना काढीत. कळीचा चुना पाण्यांत टाकला कीं उकळी फुटे, त्यांत थोडी नीळ आणि डिंक घालीत आणि कुंच्यानें भिंती पांढऱ्या करीत. भिंतीवर बसलेला चुना हवेंतील कर्बवायु शोषून पुन्हां चुनखडीसारखा घट्ट होतो. तरी त्यास बारीक छिद्रें राहतात आणि भिंतींतील ओल त्यांतून हळूहळू उडून जाते. आजच्या रंगांचें तसें नाहीं. त्यांचा भिंतीवर एक पापुद्रा तयार होतो. तो दिसावयास गुळगुळीत आणि धुवावयास सोयीचा. परंतु मागें ओल असेल तर ती कोंडली जाते, भिंतींतील खार बरोबर घेऊन बाहेर येऊं पाहते आणि पापुद्र्यास ढकलून देते. फुगे येतात ते असे. रंग कितीही उंची घेतला तरी ओल्या भिंतीवर तो टिकत नाहीं.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट ठाऊक होती. विष्णुधर्मोत्तर पुराणांतील चित्रसूत्रांत चित्र काढण्यापूर्वीं भिंत कशी सिद्ध करावी, ह्याचें निराळें विवेचन आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतही कातळावर एकदम रंग दिलेला नाहीं. मातींत भाताचें तूस आणि वनस्पतींचे तंतु मिसळून गिलावा केला, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला, आणि मग चित्रकारानें कुंचला उचलला. पाहणारा चित्र पाहतो, गिलावा पाहत नाहीं. आपणही रंगाऱ्याच्या कामांत जें दिसतें त्याचे पैसे आनंदानें देतों आणि जें झांकलें जातें त्याचे देतांना हात आंखडतों. मग दर पाडला कीं कारागीरही जें झांकलें जातें तेंच कमी करतो. दुसरें त्याच्या हातीं काय असतें?

ह्या खेपेस काम त्याच रंगाऱ्यास दिलें. त्यानें प्रथम खिडकीवर बाहेरून दोन बादल्या पाणी सोडलें; अर्ध्या तासांत आंतील भिंतीवर ओल उमटली. खिडकीच्या बाहेरील कडेचा उतार बाहेर असावयाचा, तो आंत झाला होता आणि चौकटीशेजारीं भेग पडली होती. गवंड्यानें उतार नीट केला, भेग बुजविली, कुजलेला गिलावा काढून नवा केला. मग तीन आठवडे खोली उघडी ठेविली. त्यानंतर भिंतीवर प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनीं चिकटवून एक दिवस ठेवला. काढून पाहिला तेव्हां आंतील बाजूस दंव नव्हतें. हा प्रयोग कोणत्याही गृहिणीस करतां येईल. भिंत वाळल्याची खात्री झाल्यावरच पुट्टीला हात घातला.

दार-खिडकीचा तैलरंग फार जुना होता. जुन्या तैलरंगांत शिसें असण्याचा संभव असतो, आणि त्याची धूळ गर्भिणीला व लहान मुलांना अपायकारक असते. घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असूं नये, हा नियम आपल्या देशांत १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वींच्या रंगाची शाश्वती कोणी द्यावी? म्हणून दारें कोरडीं न घांसतां पाण्यानें भिजवून घांसविलीं, धूळ ओल्या फडक्यानें पुसून घेतली, आणि ते चार दिवस सूनबाईस तिच्या मावशीकडे पाठविलें.

हिशेब असा झाला. खरवडणें आणि घांसणें, ७ रुपयांप्रमाणें ३,६४० रुपये. ओलीचा बंदोबस्त आणि गिलावा ४,८०० रुपये. पुट्टी दोन हात, ८ रुपयांप्रमाणें ४,१६० रुपये. प्रायमर, ४ रुपयांप्रमाणें २,०८० रुपये. रंग दोन हात, १२ रुपयांप्रमाणें ६,२४० रुपये. एकूण २०,९२०, शिवाय दार-खिडकीचा तैलरंग २,२०० रुपये. ह्या २०,९२० पैकीं सामान साडेसहा हजारांचें, म्हणजे तिसऱ्या हिश्शाच्याही आंत. बाकी सर्व माणसांचे श्रम. ज्या बाबी मीं पूर्वीं खोडल्या होत्या, त्या सर्व ह्यांत पुन्हां आल्या, आणि मध्यंतरीं दिलेले साडेसात हजार पोपड्यांबरोबर केरांत गेले.

ज्यांच्या घरीं असें काम निघालें असेल, त्यांना अनुभवाचे चार शब्द सांगतों. ठोक आंकडा घेऊं नये. प्रत्येक बाब, तिचे हात आणि तिचा दर निरनिराळा लिहून घ्यावा, म्हणजे दोन रंगाऱ्यांच्या आंकड्यांची तुलना करतां येते. दार-खिडकी वजा करावयाची कीं नाहीं, हें अगोदर ठरवावें. कडा संभाळून रंगविण्यास वेळ लागतो म्हणून पुष्कळ कारागीर वजा करीत नाहींत, आणि तें गैर नाहीं. सपाट भिंतीवर एक लिटर रंग दोन हातांना सुमारें १०० ते १४० चौरस फूट पुरतो. त्यावरून डबे किती लागतील तें घरींच काढावें, डबे सीलबंद आणावे आणि आपल्यादेखत उघडावे. पाणी किती मिसळावयाचें तें डब्यावर छापलेलें असतें. सामान हलविणें आणि शेवटीं खोली झाडणें कोणाकडे, हेंही लिहावें. पैसे एकदम देऊं नयेत, तसे अडवूनही ठेवूं नयेत. एक हिस्सा सामानाला, एक प्रायमर झाल्यावर आणि उरलेला सकाळच्या तिरप्या उन्हांत भिंत पाहून द्यावा. उरलेला थोडा रंग बाटलींत भरून तिच्यावर रंगाचा क्रमांक लिहून ठेवावा. दिवाळीच्या तोंडावर काम काढूं नये; त्या वेळीं कारागिरास सवड नसते आणि पावसाळ्यांत भिजलेली भिंत वाळलेली नसते. आणि दर उतरवावयाचाच असेल तर एखादी खोली कमी रंगवावी, किंवा साधा रंग घ्यावा. भिंतीची तयारी कमी करूं नये.

एक काम मात्र पैशानें होण्यासारखें नव्हतें. ज्या दोन घरीं मीं त्या मनुष्याची निंदा केली होती, तेथें तो तांबड्या काटेचा कागद घेऊन मी गेलों आणि घडलेलें सर्व सांगितलें. एका घरीं गृहस्थ म्हणाले, ‘मास्तर, आम्ही तेव्हांच दुसऱ्याकडून करून घेतलें, आतां काय?’ त्यांस उत्तर माझ्याजवळ नव्हतें. दुसऱ्या घरीं अद्याप काम व्हावयाचेंच होतें. त्यांनीं त्यास बोलावून अंदाजपत्रक घेतलें आहे. एकाचें नुकसान भरून निघेल, एकाचें निघणार नाहीं. जीभ सैल सोडली कीं असें होतें, हें मीं वर्गांत कितीदां तरी सांगितलें होतें!

श्रावणांत नात झाली. खिडकीखालीं, जेथें भुकटी गळत होती, तेथेंच पाळणा टांगला. यंदाचा पाऊस पश्चिमेकडून झोडपत होता, पण भिंत कोरडी होती. पाळण्याशेजारीं बसलों असतां मला तें जुनें उदाहरण आठवलें. रीत चुकीची नव्हती, उत्तरही चुकीचें नव्हतें. फक्त त्यांत एक वाक्य लिहावयाचें राहून गेलें होतें, आणि तें मीं एकाही मुलाला कधीं सांगितलें नाहीं: भिंत कोरडी आहे, असें धरा.